'टाइट' नव्हे, 'टाइटन'

'टाइट द स्क्रू' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ते चुकीचं आहे. इंग्रजीत 'टाइट' हे विशेषण. त्याचा अर्थ घट्ट. घट्ट करण्याची क्रिया सांगायची तर शेवटी 'en' (ई-एन) लागतं: 'टाइटन द स्क्रू'. लूजचं लूसन, शॉर्टचं शॉर्टन, वाइडचं वाइडन होतं, तसंच हे. स्पेलिंगमधले 'जी' आणि 'एच' उच्चारायचे नाहीत. शब्द कानाला अगदी घड्याळाच्या 'टायटन'सारखाच लागतो.

खरी गंमत मराठीत आणताना आहे. प्रत्येक ठिकाणी 'घट्ट करणे' लिहिलं की वाक्य लगेच भाषांतर वाटायला लागतं. आपल्याकडे वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं. कुकरची मूठ हलायला लागली की आपण तिचा स्क्रू आवळतो. वाळत घालायची दोरी सैल पडली की ती ताणतो, बाटलीचं झाकण घट्ट लावतो. पोलीस बंदोबस्त 'घट्ट' होत नाही, कडक होतो. 'टाइटन युवर बेल्ट'मध्ये पैशांची चणचण असेल तर पट्टा विसरा, 'हात आखडता घ्या' म्हणा.

अर्थविषयक बातम्यांतलं 'टाइटनिंग' म्हणजे बाजारातला पैसा महाग करणं. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला, ते हेच. तिथे 'पतधोरण कडक केलं' लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं.