जास्तीचे पैसे आधी अंड्यांवर घाला

कोंबड्यांचे हाल होऊ नयेत असं वाटतं, पण चिकन आणि अंडी दोन्ही महागातली घेणं परवडत नाही. अशा वेळी सुरुवात अंड्यांपासून करा. आपल्याकडे ब्रॉयलर बहुधा शेडमध्ये तुसावर मोकळे वाढतात. गर्दी असतेच, पण पिंजरा नसतो. अंड्यांची कोंबडी मात्र तारेच्या पिंजऱ्यात, कागदाच्या एका पानाएवढ्या जागेत उभी असते. तिला पंखही पसरता येत नाहीत, आणि हे वर्षभराहून जास्त चालतं.

१. महिन्याचा अंड्यांचा खर्च तेवढाच ठेवा, नग कमी करा. दुप्पट भावाची अंडी असतील तर ३० ऐवजी १५. भुर्जीला कांदा-टोमॅटो सढळ घातला की फारसं जाणवत नाही.

२. पाकिटावर ‘केज-फ्री’ किंवा ‘पिंजरामुक्त’ लिहिलंय का बघा. ‘फार्म फ्रेश’, ‘नॅचरल’ याने काहीच कळत नाही.

३. आठवडी बाजारात थेट विचारा, “मावशी, कोंबड्या घरच्या का? मोकळ्या फिरतात का?” गावठी कोंबडी खुडूक बसते, वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. त्यामुळे अंडी लहान-मोठी असतात आणि कधी मिळतही नाहीत. रोज एकसारख्या अंड्यांचे ट्रे लावणाऱ्याकडे ‘गावरान’चा भाव देऊ नका.

फक्त तपकिरी रंगावर जाऊ नका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात असतात.