शेठ, अँटीव्हायरस नंतर, आधी राऊटर दाखवा

जळगाव एमआयडीसीत डाळमिल, चटईवाले, जिनिंगवाले यांच्या ऑफिसातली नेटवर्कं बघतो मी, आणि शेठ लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, कोणता अँटीव्हायरस टाकू? अरे भो, आधी हे सांगा, घरबसल्या टॅली बघता यावी म्हणून कोणी राऊटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून ठेवलंय का. उत्तर येतं, "तो पोरगा काहीतरी करून गेला होता, चालू आहे ना, राहू द्या."

३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, लांबून आपला पीसी चालवायची सोय. ते नेटवर उघडं असलं की बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस पासवर्ड ट्राय करून राहतात, आणि आपला पासवर्ड काय तर मिलचं नाव आणि १२३. एका मिलमध्ये ऐन तुरीच्या सीझनला मुनीमजींनी सकाळी पीसी चालू केला तर सगळ्या फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट आणि डेस्कटॉपवर बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता हो, पण त्याच पीसीला कायम लावून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, म्हणजे तोही गेला. मग काट्याच्या पावत्या आणि गेटपास जुळवत दीड महिना परत एन्ट्र्या मारल्या.

तर राऊटरचं पेज उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं, पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर लिहिलेल्या ठिकाणी जे काय दिसेल ते उडवा, यूपीएनपी (न विचारता आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा, अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि फर्मवेअर, म्हणजे राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. बाहेरून टॅली लागतच असेल तर व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी वाट, टाका, त्यातलं वायरगार्ड फुकट आहे. ३३८९ चं ३३९० केलं की सेफ, असं सांगणारे भेटतील, उघडी पोर्टं शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रॅमला तेही सापडतं.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बसवणारा पण मोबाईलवर दिसावं म्हणून असंच भोक पाडून जातो. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस पसरला तो असल्याच, कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेल्या कॅमेरे-डीव्हीआरांवरून. डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे ऑफिसच्या पीसींपासून तोडलेल्या नेटवर्कवर, टाका, ट्रकवाले आणि व्यापारी वायफाय मागतात त्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

अपडेटचं म्हणाल तर वॉनाक्राय, फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, मे २०१७ मध्ये आला आणि त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. आता वजनकाट्याचा पीसी ७ वरच चालतो, सॉफ्टवेअर जुनं, इंडिकेटर सिरीयल पोर्टवर, मान्य आहे, मग त्याचं इंटरनेट तोडा, काट्याला नेट लागत नाही. आणि क्रॅक विंडोज टाकू नका बुवा, ते चालू करणारा अॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतो, तिथेच समजून घ्या काय ते.

बॅकअपला दोन हार्ड डिस्क घ्या, एक दिवसाआड बदला, कॉपी झाली की काढून घ्या, त्या दिवशी न लागणारी शेठच्या घरी. घरीच बरं का, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, मे मध्ये आपल्याकडे बाहेरच ४५ डिग्री असतं, गाडीत तर भट्टी. महिन्यातून एकदा दुसऱ्या पीसीवर रिस्टोर करून टॅलीत कालची एन्ट्री दिसते का ते बघा, न उघडणारे बॅकअप मी लई पाहिलेत.

व्यापाऱ्याचा मेल आला की "बँक खातं बदललंय, आता इथे टाका", तर मेलमधल्या नाही, आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

हल्ला झालाच तर पहिले लॅन केबल उपटा, वायफाय बंद करा, त्या चिठ्ठीचा मोबाईलने फोटो काढा, आणि घाईघाईत फॉरमॅट मारू नका, कुठून घुसले त्याचा माग त्याच मशीनमध्ये असतो. सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे, तो कंपन्यांनाही लागू आहे, नुसता सरकारी ऑफिसांना नाही.