विसार देऊन जागा फिरवताय? शेवटचा खरेदीदार शोधताना या चुका टाळा

पुणे परिसरात प्लॉट आणि रीसेल फ्लॅटच्या धंद्यात नव्या मुलांची गर्दी झाली आहे. पद्धत ठरलेली. मालकाला विसार (सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम) द्यायचा, दोन-तीन महिन्यांची मुदत घ्यायची, तेवढ्यात चढ्या भावाचं गिऱ्हाईक गाठायचं आणि पाठोपाठ दस्त करून मधला फरक घ्यायचा. यात मुळात बेकायदा काही नाही. पण बुडालेले विसार मी भरपूर पाहिलेत, आणि दर वेळी चुका त्याच.

‘पार्टी तयार आहे’ यावर विसार देणं

एजंटचा असा फोन आला की पोरं हुरळतात आणि मालकाच्या हातात पाच लाख ठेवून मोकळी होतात. जागा आवडलेला माणूस आणि पैसे तयार असलेला माणूस हे दोन वेगळे असतात, हे कितीही सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही.

हडपसरच्या पुढे एका ओळखीच्या मुलाने एन.ए. (बिगरशेती) प्लॉटचा विसार दिला होता, मुदत 90 दिवस. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. नवरा-बायको दोघं नोकरीला, हातात बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र. मुलगा निर्धास्त झाला. पण तसं पत्र आधी पगार आणि जुनी कर्जं बघून मिळतं, जागेच्या कागदांची छाननी त्यानंतर सुरू होते. बँकेच्या वकिलाने सातबारा आणि फेरफार काढले, तर वडिलांच्या पश्चात वारस म्हणून मालकाच्या बहिणीचं नाव लागलेलं. मालक म्हणाला, ‘तिने हक्क सोडलाय.’ पाहिलं तर ते हक्कसोडपत्र नुसतं नोटरी केलेलं. स्थावराचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, नोटरीच्या शिक्क्यावर भागत नाही. बहिणीला सहीसाठी विचारलं तेव्हा तिने वाटा मागितला, आणि तो तिचा हक्कच होता. भावा-बहिणीची बोलणी चालू असतानाच मुदत संपली. विसारपावतीत ‘मुदतीत व्यवहार पूर्ण न केल्यास विसार जप्त’ एवढंच. टायटल निर्वेध, म्हणजे मालकी वादमुक्त, करून देण्याची जबाबदारी मालकाची, असं एक वाक्यही नव्हतं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, आणि मालकाने पैसे परत केले नाहीत.

माझी सवय सांगतो. विसाराआधी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या जुन्या नोंदींची तपासणी) वकिलाकडून घ्यायचा. त्याचे पैसे वाचवणाऱ्याने या धंद्यात पडू नये. गिऱ्हाईकाला पहिल्याच भेटीत विचारायचं की पैसे आज कुठे आहेत. मुदत ठेव असेल तर उत्तम. कर्ज असेल तर बँक कोणती ते विचारून कागदांचा संच आधी त्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवायचा. ‘जुना फ्लॅट विकला की देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा. तो आज स्वतःच गिऱ्हाईक शोधतोय, त्याच्या भरवशावर मुदत घालवायची नाही. आणि विसारपावतीत दोन वाक्यं हवीतच. टायटल निर्वेध होईपर्यंत मुदत मोजायची नाही, आणि ते झालं नाही तर विसार परत.

पैसा कुठून कुठे जाणार याचा विचार न करणं

‘दोन्ही दस्त एकाच दिवशी करू, गिऱ्हाईकाच्या पैशातून मालकाला देऊ.’ ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्या दस्तात विकणारे तुम्ही, म्हणजे बँकेचा डीडी तुमच्या नावाने निघणार, आणि तोही दस्त नोंदवताना किंवा नोंदवल्यावर हातात पडणार. पहिल्या दस्तावर मालक मात्र पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय सही करणार नाही. शिवाय दोन दस्त म्हणजे मुद्रांक शुल्क दोनदा. यात फरकाचा मोठा घास जातो.

म्हणून मी एकच दस्त करायला सांगतो. मालक ‘लिहून देणार’, गिऱ्हाईक ‘लिहून घेणार’ आणि विसार दिलेला माणूस ‘मान्यता देणार’. किंमत एकच, पण कोणाला किती आणि कोणत्या डीडीने, हे दस्तातच लिहायचं. मालकाचा डीडी मालकाच्या नावाने, तुमचा तुमच्या. एकूण किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापायचा, हेही आधीच कानावर घालायचं. अशी रचना गिऱ्हाईकाच्या बँकेला चालते का, हे विसाराआधी विचारायचं, दस्ताच्या आदल्या दिवशी नव्हे.

यात मालकाला तुमचा फरक दिसतो, आणि नव्यांना नेमकं तेच नको असतं. मग लपवण्यासाठी कुलमुखत्यारपत्राची पळवाट काढतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही. फरक दिसला तर दिसू द्या. मालकाला त्याचा ठरलेला भाव मिळतोय, आणि गिऱ्हाईक आणण्याचं काम तुम्ही केलंय.

बाकीच्या थोडक्यात

स्वतःला मालक म्हणवू नका. नुसत्या विसाराने किंवा साठेखताने (पुढे विक्री करण्याच्या कराराने) मालकी येत नाही. गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशी सांगा.

शेतजमीन असेल तर खरेदीदार शेतकरी आहे का, ते दाखल्यावर बघा. अमेरिकेत किंवा दुबईत असलेला मराठी माणूस कितीही उत्साही असला तरी परदेशी राहून त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट किंवा एन.ए. प्लॉट दाखवा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर त्या परवानगीचा निकाल लागेपर्यंत गिऱ्हाईक शोधूच नका.

रोख टोकन घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

सगळ्या एजंटांच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. दोन दिवसांत तीच जागा चार भावांनी फिरते, मालकाला थेट फोन जातात आणि तुमच्या मुदतीला किंमत राहत नाही. मला चांगले खरेदीदार नेहमी जवळच सापडलेत. फ्लॅट असेल तर त्याच सोसायटीत भाड्याने राहणारं कुटुंब, प्लॉट असेल तर शेजारच्या प्लॉटचा मालक. त्यांना परिसर पटवून द्यावा लागत नाही, भावही माहीत असतो. आधी त्यांची दारं ठोठावा. त्यासाठी चालावं लागतं, म्हणून कोणी करत नाही.

आणि मुदतवाढ लागणार असं दिसलं की वेळ हातात असतानाच मागा. मालक फोनवर ‘काही हरकत नाही’ म्हणाला तरी ती लेखी घ्या, जुन्या पावतीचा उल्लेख करून. जागा अनेकांच्या नावावर असेल तर त्या कागदावर सह्या सगळ्यांच्या हव्यात, फक्त तुमच्याशी बोलणाऱ्याची नव्हे.