विंडोज आणि उबुंटू एकाच डिस्कवर: सी ड्राइव्हची जागा उबुंटूला कशी द्यावी

512 जीबीच्या एकाच एसएसडीवर विंडोज 11 आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असली, की कधी ना कधी उबुंटूला दिलेले 40 जीबी भरत येतात आणि तिकडे सी ड्राइव्हवर शंभर-दीडशे जीबी नुसते पडून असतात. डेटा न पुसता ती जागा उबुंटूकडे नेता येते. पण इथे जागा किती आहे यापेक्षा ती डिस्कवर नेमकी कुठे आहे, यावर सगळं ठरतं. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) वाढतं ते फक्त त्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेत, आणि ती उजवीकडे असेल तर काम मिनिटात होतं, डावीकडे असेल तर सगळा डेटा सरकवावा लागतो.

त्याआधी उबुंटूमधल्या 'डिस्क युसेज अ‍ॅनालायझर'मध्ये जागा कशाने खाल्लीय ते बघा. सिस्टिमचे जर्नल लॉग 4 जीबीपर्यंत वाढू शकतात, स्नॅप प्रकारच्या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या आणि एपीटी या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाची कॅशे वेगळीच. एवढं साफ करून 8-10 जीबी सुटत असतील तर पार्टिशनला हात लावूच नका.

आता नकाशा. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि एक्स एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डावीकडून साधारण असा क्रम दिसतो: 100 ते 260 एमबीचं ईएफआय (बूटच्या फायलींचं पार्टिशन), मग सी, मग उबुंटू, आणि शेवटी रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीचं पार्टिशन). (ईएफआय आणि सी यांच्यामध्ये 16 एमबीचं राखीव पार्टिशनही असतं, ते इथे दिसत नाही.) सी लहान केला की मोकळी जागा त्याच्या उजव्या कडेला, म्हणजे उबुंटूच्या डावीकडे येते. बऱ्याच लॅपटॉपवर सी आणि उबुंटूच्या मध्ये पाऊण-एक जीबीचं आणखी एक रिकव्हरी पार्टिशनही सापडतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटला जुनं रिकव्हरी अपुरं पडलं की विंडोज सीमधून जागा कापून नवं बनवतो, त्याचा हा परिणाम. तुमच्याकडे काय आहे ते कागदावर लिहून ठेवा, आकड्यांसकट. पुढे जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये ड्राइव्हची अक्षरं दिसत नाहीत, आकारावरूनच पार्टिशन ओळखावं लागतं.

सी कमी करायचा तो विंडोजमधूनच. आधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्याच एसएसडीच्या दुसऱ्या पार्टिशनवर नाही. मग बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का ते तपासा. होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने ते चालू असू शकतं. 48 अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि सी लिनक्सच्या दृष्टीने अजून वापरात असतो.

मग सीवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. इथे आकडा एमबीत मागतात आणि 1 जीबी म्हणजे 1024 एमबी, त्यामुळे 60 जीबीसाठी 61440 टाका. अपडेटसाठी सीवर निदान 40-50 जीबी मोकळे राहू द्या.

अनेकदा सीवर 150 जीबी रिकामे असतात आणि श्रिंक मात्र 9-10 जीबीच देऊ करतं. डिस्क बिघडलेली नसते. पेजफाइल (रॅमला जोड देणारी फाइल), हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट या फायली विंडोज चालू असताना हलत नाहीत आणि त्यातली एखादी सीच्या शेवटाकडे बसलेली असते. कोणती, ते 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन इथे क्रमांक 259 च्या नोंदीत नावानिशी लिहिलेलं असतं. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, पेजफाइल 'नो पेजिंग फाइल' करा, अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' (powercfg /h off) द्या, रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन आठवणीने परत चालू करा. सुटलेली जागा 'अनअलोकेटेड'च राहू द्या, तिचं नवं व्हॉल्यूम बनवू नका. एकदा विंडोज रीस्टार्ट होऊन नीट येतंय याची खात्री करा.

इथून दोन वाटा आहेत, आणि आमचा कौल पहिलीला आहे.

पहिली वाट: काही सरकवायचंच नाही. मोकळ्या जागेत ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं नवं पार्टिशन बनवा आणि ते /होम (/home, वापरकर्त्यांच्या फायलींचा फोल्डर) म्हणून जोडा. उबुंटूची जागा बहुतेक वेळा होममध्येच गेलेली असते. उबुंटूच्या 'डिस्क्स' अ‍ॅपमध्ये पार्टिशन बनवून माउंट करा (म्हणजे सिस्टिमला जोडा) आणि टर्मिनलमध्ये सुडोसह (sudo, म्हणजे मुख्य अधिकारांनी) सीपी (cp) कमांडला -ए (-a) लावून होममधलं सगळं तिथे कॉपी करा. -ए विसरलात तर फायलींची मालकी रूट नावाच्या मुख्य खात्याकडे जाते आणि लॉगिनच होत नाही. कॉपी करताना ब्राउझर आणि बाकी प्रोग्रॅम बंद ठेवा. मग 'डिस्क्स'मध्येच माउंट ऑप्शन्समध्ये माउंट पॉइंट /होम द्या, ओळख यूयूआयडीने (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने) निवडा आणि रीस्टार्ट करा. सगळं ठीक चाललं की लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटूतून) जुन्या रूटच्या, म्हणजे उबुंटूच्या मूळ पार्टिशनच्या, होम फोल्डरमधला मजकूर पुसा, फोल्डर मात्र ठेवा. हे राहून गेलं तर जुन्या फायली नव्या पार्टिशनच्या आड दडून राहतात आणि रूटवर एक जीबीही सुटलेला दिसत नाही.

दुसरी वाट: रूटच वाढवायचं. यासाठी जीपार्टेड लाइव्ह पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा, कारण चालू असलेलं रूट सरकवता येत नाही. एखाद्या पार्टिशनपुढे किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते वापरात आहे, राइट क्लिक करून 'अनमाउंट' किंवा 'स्वॅपऑफ' करा. मग उबुंटूच्या पार्टिशनवर 'रीसाइझ/मूव्ह' निवडून डावी कड पूर्ण डावीकडे ओढा, 'फ्री स्पेस प्रिसीडिंग' शून्यावर आलं पाहिजे. 'अप्लाय' केल्यावर अख्खी फाइल सिस्टिम नव्या जागी उतरवली जाते. एनव्हीएमई एसएसडीवर 40 जीबी लवकर होतात, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तास-दोन तास धरून चाला. लाइट गेली किंवा कुणी मध्येच बंद केलं तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी अशी अवस्था होते आणि त्यातून काही परत मिळणं कठीण. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय करू नका.

मध्ये रिकव्हरी पार्टिशन अडलं असेल तर ते आधी सीला चिकटेपर्यंत डावीकडे सरकवा. त्यापूर्वी विंडोजमध्ये अ‍ॅडमिन टर्मिनलवर 'रीएजंटसी /डिसेबल' (reagentc /disable) आणि सगळं झाल्यावर 'रीएजंटसी /एनेबल' (reagentc /enable) द्या, नाहीतर विंडोज त्याला जुन्या जागी शोधत बसतं. जागेच्या मोहाने रिकव्हरी लहान करू नका. जानेवारी 2024 चं रिकव्हरीचं अपडेट तिथे 250 एमबी मोकळे नसल्यामुळे असंख्य मशिनवर 0x80070643 या एररने अडलं होतं.

सरकवल्यावर यूयूआयडी बदलत नाही, म्हणून यूईएफआय (नव्या बूट पद्धतीच्या) मशिनवर ग्रब, म्हणजे सुरुवातीला उबुंटू की विंडोज हे विचारणारा प्रोग्रॅम, सहसा तसाच चालतो. जुन्या एमबीआर पद्धतीने पार्टिशन केलेल्या डिस्कवर उबुंटू 'एक्स्टेंडेड' पार्टिशनच्या पोटात असतं, तेव्हा आधी ते बाहेरचं वाढवावं लागतं. तिथे बूट अडकून ग्रब रेस्क्यूची काळी स्क्रीन येण्याची शक्यताही जास्त, तेव्हा उबुंटूची लाइव्ह यूएसबी हाताशी ठेवा. ग्रबच्या यादीतून विंडोजच गायब असेल तर कारण वेगळं आहे: ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो. ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब (/etc/default/grub) या फाइलमध्ये 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर'ची ओळ 'फॉल्स' करा (GRUB_DISABLE_OS_PROBER=false) आणि 'सुडो अपडेट-ग्रब' (sudo update-grub) चालवा.

नंतर विंडोजमध्ये कधी 'हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी आली तर 'कॅन्सल'च दाबा. विंडोजला ईएक्सटी4 वाचता येत नाही आणि उबुंटूच्या पार्टिशनला चुकून अक्षर मिळालं की विंडोज ही विचारणा करतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पार्टिशनचं अक्षर काढून टाका, खिडकी पुन्हा येणार नाही.