व्हॅनमध्ये कुत्र्यांसोबत राहायला निघताय? आधी बिल्ल्यावरचा नंबर लावून बघा

सगळ्यात आधी हे करा. कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला हातात धरा, त्यावरचा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावा आणि तुमच्या खिशातला फोन वाजतो का ते बघा. वाजला तर पुढे वाचा. नाही वाजला तर वाचणं इथेच थांबवा आणि आधी नवा बिल्ला करून आणा.

मागच्या वेळी आमच्याकडे याद्या होत्या, डबे होते, औषधांची पेटी होती. घर भाड्याने दिलं, लँडलाइन बंद केली, कॅम्परव्हॅनमध्ये राहायला गेलो, सरहद्द ओलांडल्यावर तिथलं सिम घेतलं. चिंगीच्या बिल्ल्यावर मात्र त्या बंद झालेल्या लँडलाइनचाच नंबर राहिला. अकराव्या दिवशी संध्याकाळी ढग गडगडले, त्याच क्षणी मी सरकतं दार उघडलं आणि ती माझ्या पायांमधून निसटून अंधारात गेली. तासाभरातच ती एका भल्या माणसाला सापडली होती. हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी रात्री. त्याने तो नंबर पाच वेळा लावला होता. एक जिवंत नंबर असता तर चिंगी त्याच रात्री जेवायला परत आली असती. त्याऐवजी सव्वीस तास आम्ही टॉर्च घेऊन रानोमाळ तिला हाका मारत फिरत होतो.

‘पण चिप आहे ना’ असं मीही म्हणत होते. चिप म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कातडीखालच्या त्या तांदळाएवढ्या नळीत बॅटरी नसते, ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, आणि तिच्यात तुमचं नाव-गावही नसतं. स्कॅनर फिरवला की फक्त 15 आकडे दिसतात. त्या आकड्यांपुढे कुणाचं नाव आणि कुठला फोन लिहिलाय, ते जिथे नोंद केली त्या यादीत असतं. चिंगीची चिप दुसऱ्या दिवशी सकाळी एका प्राण्यांच्या दवाखान्यात वाचली गेली, नोंदही सापडली. नोंदीत काय होतं? तोच बंद नंबर आणि मी कधीच सोडून दिलेला ईमेल. म्हणून नोंदणीच्या साइटवर आजच जा, पासवर्ड विसरला असाल तर नवा घ्या, नंबर बदला आणि बदललेलं पान पुन्हा उघडून बघा. देश बदलणार असाल तर तुमची नोंद तिथे कुणाला दिसते का तेही तपासा. युरोपात युरोपेटनेटच्या शोधात चिपचे आकडे टाकले की ती कुठल्या यादीत आहे ते कळतं. दिसत नसेल तर तिथल्या यादीतही नोंद करून टाका.

आता बिल्ला. त्यावर दोन नंबर हवेत. एक तुमचा, देशाच्या कोडसकट, कारण ज्याला कुत्रा सापडतो त्या माणसाला तुम्ही कुठून आलात ते माहीत नसतं. दुसरा अशा माणसाचा, जो घर सोडून कुठे जात नाही आणि अनोळखी नंबरही उचलतो: बहीण, मावशी, जुना शेजारी, कुणीही. त्या माणसाला तसं सांगून ठेवा. लोंबणाऱ्या बिल्ल्याची कडी झिजते आणि एक दिवस पडते, त्यामुळे पट्ट्यावरच रिव्हेटने बसवलेली सपाट पट्टी चांगली. पट्ट्यावर जाड मार्करनेही नंबर लिहा. सिम रिचार्जशिवाय बंद पडतं, रोमिंग बंद असतं, जुनं सिम डबीत जातं, या तिन्ही गोष्टी प्रवासात हमखास होतात. सिम बदललं की बिल्ला बदलायचा, त्याच दिवशी, दुकानातून बाहेर पडायच्या आत निदान चिकटपट्टीवर लिहून.

कागदपत्रांचं काम उशिरा सुरू कराल तर प्रवास पुढे ढकलावा लागेल. युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर क्रम ठरलेला आहे: आधी चिप, मग रेबीजची लस. लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस धरत नाहीत. पिल्लू लस देताना किमान 12 आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लशीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. जिथे रेबीजचा धोका जास्त धरतात अशा देशांतून येणाऱ्यांना रक्ताची चाचणीही लागते: लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं, आणि नमुना घेतल्यापासून आणखी 3 महिने थांबायचं. फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे आणि ब्रिटनला जाताना पट्टकृमीचं औषध प्रवेशाच्या आधी 24 ते 120 तासांच्या आत डॉक्टरांनी दिलेलं आणि कुत्र्याच्या पासपोर्ट-पुस्तिकेत लिहिलेलं लागतं. आदल्या रात्री दिलं तर चालत नाही, आठवडाभर आधी दिलं तरी नाही. आणि पुस्तिकेतले चिपचे आकडे डॉक्टरांसमोर एकेक करून जुळवून घ्या. एक आकडा चुकला तर कागदावर तो कुत्रा तुमचा राहत नाही.

गाडीकडे वळू. व्हॅनमधल्या जमिनीवर झोपणारा जीव तो, आणि शेगडीचा गॅस (एलपीजी) हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणजे सगळ्यात आधी तो कुत्र्याच्या नाकाशी येतो. गॅसचा अलार्म खाली, जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तोही हवा, विशेषतः जनरेटर किंवा हीटर चालवत असाल तर. शेगडीच्या बटणांकडे बघा. मागच्या पायांवर उभा राहिलेला मोठा कुत्रा पंजाने बटण फिरवू शकतो. बाहेर जाताना बटणं काढून ठेवा नाहीतर सिलिंडरचा कॉकच बंद करा. स्लाइड-आउट असेल, म्हणजे बाजूची भिंत बाहेर सरकून खोली मोठी होत असेल, तर ती आत-बाहेर करताना प्रत्येक कुत्रा बाहेर बांधलेला किंवा क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या पिंजऱ्यात हवा. ‘तिकडे झोपलाय बहुतेक’ हे चालणार नाही. डोळ्यांनी बघायचं. आणि किल्ली गाडीत ठेवून एक मिनिटही खाली उतरू नका. आतल्या लॉकच्या बटणावर पाय पडला की तुम्ही बाहेर आणि ते आत. दुसरी किल्ली जवळ असू द्या.

चालत्या गाडीत मोकळा कुत्रा नको. जोरात ब्रेक लागला की वीस किलोचा जीव सीटवर, काचेवर, तुमच्या मानेवर आदळतो. क्रेट जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधा किंवा सीटबेल्टला अडकणारा, छातीभोवती बसणारा हार्नेस वापरा. तो बेल्ट गळ्यातल्या पट्ट्याला कधीच लावू नका. मागे ओढायचा ट्रेलर असेल तर कुत्री त्यात नाहीत, पुढच्या गाडीत तुमच्यासोबत. पुढच्या एसीची हवा मागच्या क्रेटपर्यंत पोचते का ते निघण्याआधी स्वतः मागे बसून बघा. आम्ही बघितलं तेव्हा ती पोचत नव्हती.

उष्णतेबद्दल तुम्ही ऐकलं असेल, तरी पुन्हा ऐका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि कोंदट गाडीत तेही जमत नाही. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सियसच्या आसपास असतं, 41 च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. ‘पण आमच्या व्हॅनला एसी आहे.’ एसी विजेवर चालतो. दुपारी मुक्कामाच्या तळावर सगळ्यांचे एसी एकदम चालू होतात, दाब पडतो, ब्रेकर उडतो, आणि तुम्ही दोन किलोमीटरवर बाजारात असता. वीज गेल्यावर एसी आपोआप परत सुरू होतो का, की बटण दाबावं लागतं, ते घरीच मेन स्विच बंद-चालू करून बघा. तापमान वाढलं की फोनवर कळवणारं यंत्र लावा, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं सिम असलेलं, तळाच्या वायफायवर अवलंबून नसलेलं, कारण वीज गेली की वायफायही जातं.

आणि तो इशारा कुठल्या नंबरवर जातो? हो, तेच विचारतेय. चिंगी परत आल्यावर मी सगळे नंबर तपासायला बसले, तेव्हा या यंत्रातही जुनाच नंबर निघाला. अकरा दिवस आम्ही त्याच्या भरवशावर कुत्र्यांना आत ठेवून फिरत होतो. यंत्राचा सेन्सर हातात धरून गरम करा, इशारा येतो का बघा. नंबर बदलला की बिल्ला, चिपची नोंद आणि हे यंत्र, तिन्ही ठिकाणी बदला. या तीन जागा गाडीच्या दारावर आतून लिहून चिकटवा.

कुत्र्याची स्वतःची तयारी निघण्याच्या महिनाभर आधी सुरू करा. उभ्या व्हॅनमध्ये जेवू द्या, झोपू द्या, मग इंजिन सुरू करून, मग छोटी फेरी. दारात ‘थांब’ म्हटलं की थांबायला शिकवा. दार उघडं असतानाही तुम्ही सांगितल्याशिवाय पाऊल बाहेर पडता कामा नये. हे रोज वीस वेळा करून घ्या, पावसात आणि आवाजातही. चिंगीला हे येत होतं, पण शांत संध्याकाळी. गडगडाटात ती सगळं विसरली. म्हणून आता दार उघडण्याआधी लीश अडकवतो आणि आतल्या बाजूला लहान मुलांसाठीचं फाटक लावलंय. डासांची जाळी म्हणजे दार नव्हे, ती फाडून कुत्रा सहज जातो.

हरवलाच तर गाडी हलवू नका. घरातला हरवलेला कुत्रा घराकडे येतो, व्हॅनमधला हरवलेला कुत्रा व्हॅन जिथे उभी होती तिथे येतो. आम्ही शोधायला म्हणून गाडी घेऊनच निघालो, ती दुसरी चूक. एकाने थांबायचं, एकाने पायी फिरायचं. जावंच लागलं तर त्या जागी त्याचं अंथरूण आणि तुमचा अंगातला कपडा ठेवून जा. जवळच्या प्रत्येक दवाखान्यात स्वतः जाऊन फोटो आणि चालू नंबर द्या. चिंगी आम्हाला तशीच सापडली, तिसऱ्या दवाखान्यात. तिच्या पंजांना फोड आले होते.

सामान. वाट्या, पिशव्या, अंथरूण, हे तुम्हाला कळतं. पाणी किलोला रोज साधारण 50 ते 60 मिलिलिटर धरा आणि उन्हाळ्यात बरंच जास्त. टाकीत त्यांचा हिस्सा मोजायला लोक विसरतात. खाणं बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू मिसळत बदला, कारण फिरत्या छोट्या घरात जुलाब झालेला कुत्रा म्हणजे सगळ्यांचेच हाल. औषधांच्या पेटीत पट्ट्या, थर्मामीटर, गोचीड काढायचा आकडा. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीच देऊ नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेला च्युइंगगम खालच्या कपाटात ठेवू नका, व्हॅनमध्ये सगळीच कपाटं खालची असतात. इंजिनचं कूलंट गोड लागतं आणि थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं. गाडीखाली थेंब दिसला तर कुत्र्याला बाहेर काढण्याआधी पुसा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा, ठेववत नसेल तर चालवू नका.

रस्त्यात दर दोन तासांनी थांबा. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. रानातून आल्यावर कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, रोज. एसीची जाळी केसांनी भरते, साफ करा. अंघोळीनंतर मोरीची जाळीही.

नव्या तळावर पोचलात की इंजिन बंद करून आधी पट्ट्यावरच्या चिकटपट्टीवर तळाचं नाव आणि जागेचा क्रमांक लिहा, मग दार उघडा. निघताना कुत्री मोजा, पायऱ्या आत घ्या, गाडीखाली बघा. आणि नंबर लावा. दुसऱ्याच्या फोनवरून.