जपानी लिपी स्वतः शिकताय? नियोजनातल्या या चुका टाळा

हिरागाना या जपानीच्या मूळ ध्वनिलिपीची ४६ अक्षरं आठवड्याभरात पाठ होतात, आणि महिन्याने वाचायला बसलं की प्रत्येक ओळीत अडायला होतं. अशा वेळी स्मरणशक्तीला दोष देण्याआधी वही उघडून बघा. बहुधा प्रत्येक अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहिलेला सापडेल. डोळा ओळखीच्या लिपीकडेच धावतो, जपानी अक्षर नीट पाहिलंच जात नाही.

या सवयीचा आणखी एक तोटा आहे. जपानीत 'कोको' म्हणजे 'इथे'. दोन्ही ओ लांबवले की त्याचा अर्थ होतो उच्च माध्यमिक शाळा. आपल्या ओकाराला ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे वहीत दोन्ही शब्द सारखेच उतरतात. हिरागानात मात्र दुसरा शब्द को-उ-को-उ असा चार अक्षरांचा आहे. 'ओबासान'चंही तसंच: मधला 'बा' एका मात्रेचा असेल तर मावशी-काकू, दोन मात्रांचा असेल तर आजी. म्हणून उच्चार ध्वनिफीत ऐकून पक्का करा. देवनागरीचा आधार हवाच असेल तर तो वेगळ्या पानावर ठेवा आणि दहा दिवसांनी ते पान काढून टाका.

मराठीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. 'त्सु' म्हणताना अनेकांची जीभ वळत नाही, पण 'चूक'मधला च आपण रोज उच्चारतो, तो जवळजवळ तोच आहे. 'चि'साठी 'चिमणी'तला च घ्या. शिवाय आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा हा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा आहे. बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो जपानात रुजला. त्यात 'हा'ची ओळ प-वर्गाच्या जागी बसते, म्हणून 'हा'वर दोन छोट्या रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की 'पा'. क्रम इतका ओळखीचा असल्याने तक्ता मात्र धडाधड म्हणता येतो, आणि सुटं अक्षर समोर आलं की ओळखू येत नाही. त्यासाठी दर दोन ओळी झाल्या की अक्षरांची कार्डं पिसून वाचा.

काताकाना, म्हणजे परदेशी शब्द आणि नावं लिहायची दुसरी ध्वनिलिपी, 'नंतर बघू' म्हणून मागे टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हिरागानाला दोन आठवडे दिले की लगेच पुढचे दोन काताकानाला द्या. इथे 'शि' आणि 'त्सु' हमखास फसवतात. दोन्हींत दोन आखूड रेघा आणि एक लांब रेघ. 'शि'च्या आखूड रेघा एकीखाली एक, डावीकडून जुळवलेल्या, आणि लांब रेघ खालून वर उजवीकडे जाते. 'त्सु'च्या आखूड रेघा शेजारी-शेजारी, वरून जुळवलेल्या, आणि लांब रेघ वरून खाली डावीकडे उतरते. एक आखूड रेघ कमी केली की अनुक्रमे 'न्' आणि 'सो'. छापील आकार घोकून हा फरक मनात राहत नाही, हाताच्या दिशेने राहतो. सरावाला मु-न्-बा-इ लिहा: मुंबई चार अक्षरांत होते.

अक्षर शिरोरेषेला टांगायची आपली सवय इथे आड येते. मोठ्या चौकटींची गणिताची वही घ्या आणि अक्षर चौकटीच्या मधोमध बसवा. छोटं 'यो' आडव्या लेखनात चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येतं. तिथे मोठं 'यो' लिहिलं तर 'ब्योऽइन'चं 'बियोऽइन' होतं, म्हणजे रुग्णालयाचं ब्यूटी पार्लर. एकच अक्षर सलग वीस वेळा गिरवू नका. तिसऱ्या वेळेनंतर फक्त हात चालतो. तीनदा लिहा, पान झाका, ध्वनी ऐकून आठवणीने लिहा.

छापलेला 'कि' किंवा 'सा' पाहून लिहिताना खालचं वळण वरच्या भागाला जोडू नका. हाताने लिहिताना तो भाग सहसा सुटा ठेवतात. नमुन्यासाठी शालेय पाठ्यपुस्तकाच्या वळणाचा, क्योकाशो फॉन्ट वापरा.

कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थ दाखवणारी चिन्हं, पाचव्या आठवड्यापासून घ्या. सरकारी रोजवापराच्या यादीत २,१३६ आहेत, तो आकडा सध्या विसरा. जपानी पहिलीच्या मुलांना ८० शिकवतात. रोज तीन, आठवड्याला पाच दिवस, या वेगाने त्या सहा आठवड्यांत होतात. एकेका कांजीचे सगळे उच्चार सुटे पाठ करू नका. 'निचियोऽबि' म्हणजे रविवार या शब्दात सूर्याची एकच कांजी सुरुवातीला 'निचि' आणि शेवटी 'बि' वाचली जाते. शब्द पाठ केला की दोन्ही उच्चार आपोआप येतात.

रेघा मोजण्यातही गडबड होते. तोंडाची कांजी, 'कुचि', दिसते चौकोनी, पण रेघा तीनच: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी हात न उचलता, शेवटी तळाची. चार मोजल्या तर रेघांच्या संख्येवरून शब्दकोशात ती सापडणार नाही.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही, सगळे प्रश्न पर्यायी असतात. ध्येय तेवढंच असेल तर या ८० हाताने पक्क्या करा आणि पुढच्या ओळखण्यावर भर द्या. आणि उजळणीची कार्डं एका बैठकीत संपेनाशी झाली, की ती संपेपर्यंत नवीन कांजी घेऊ नका.