सर्व्हिसनाऊ शिकायचंय? सर्व्हरचे पैसे देऊ नका, स्वतःची इन्स्टन्स फुकट घ्या

ऐरोली, पवई, गोरेगाव, कुठल्याही आयटी पार्कात कोणी ओळखीचं असेल तर सर्व्हिसनाऊचं नाव ऐकलंच असेल. मोठ्या कंपन्यांमध्ये लॅपटॉप बिघडला, पासवर्ड विसरला की जे तिकीट टाकतात ना, ते बऱ्याच ठिकाणी यावरच चालतं. आणि हे शिकवायला काही क्लासवाले फीच्या वर "सर्व्हर अॅक्सेस" म्हणून वेगळे पैसे मागतात, ते अजिबात देऊ नका, कारण सर्व्हिसनाऊ कंपनी स्वतःच प्रॅक्टिससाठी फुकट इन्स्टन्स (म्हणजे ऑनलाईन चालणारी तुमची वेगळी कॉपी) देते, पर्सनल डेव्हलपर इन्स्टन्स, सगळे पीडीआय म्हणतात.

घ्यायची कशी? सर्व्हिसनाऊच्या डेव्हलपर साईटवर जाऊन ईमेलने अकाउंट उघडा (ऑफिसचा ईमेल नको, नोकरी बदलली की गेलं), लॉगिन करून रिक्वेस्ट इन्स्टन्स दाबा, व्हर्जन निवडा. झुरिकपर्यंत व्हर्जनला शहरांची नावं एबीसीडीच्या क्रमाने दिली होती, झानाडू (X), मग योकोहामा (Y), मग झुरिक (Z) असं. शिकायला नवीनातलं घ्या, पण जॉबवर जुनं असेल तर तेच घेतलेलं बरं. थोड्या वेळात लिंक, अॅडमिन युजर आणि पासवर्ड समोर येतो. झालं. सगळं ब्राउझरमध्ये चालतं त्यामुळे जुना ४ जीबीचा लॅपटॉपपण पुरतो, इन्स्टॉल काहीच करायचं नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरपण चालतं, फक्त लोकलमध्ये बसून करायला जाऊ नका, नेट गेलं की अर्धवट भरलेला फॉर्म जातो.

आता मेन गोष्ट. ही इन्स्टन्स वापरली नाही की झोपते, म्हणजे हायबरनेट होते, मग डेव्हलपर साईटवर जाऊन उठवायची आणि जरा थांबायचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण १० दिवस काहीच काम केलं नाही तर ती परत घेतात आणि आतलं सगळं जातं. गणपतीत गावाला गेलात आणि परत येऊन बघितलं तर साफ! म्हणून अपडेट सेट, म्हणजे तुम्ही केलेले बदल गोळा करून ठेवणारा गठ्ठा, पहिल्या दिवसापासून वापरा. काम सुरू करायच्या आधी लोकल अपडेट सेट्समध्ये नवीन सेट बनवा आणि तोच करंट करा, नाहीतर सगळे बदल डिफॉल्ट नावाच्या सेटमध्ये जाऊन पडतात आणि नंतर निवडत बसावं लागतं. काम संपलं की सेट कम्प्लीट करून एक्सएमएल फाईलमध्ये एक्सपोर्ट करा, फाईल ड्राईव्हवर टाका, पुढच्या वेळी नवीन सेट. लक्षात ठेवा, सेटमध्ये टेबल, फॉर्म, स्क्रिप्ट येतात, टेबलातला डेटा येत नाही. डेटा हवा तर लिस्टच्या हेडरवर राईट क्लिक करून तो वेगळा एक्सएमएल काढायचा.

प्रॅक्टिसला काय बनवायचं? माझं मत, ट्युटोरियलमधलं तेच ते बनवण्यापेक्षा आपल्या सोसायटीच्या तक्रारी घ्या. लिफ्ट बंद, पावसाळ्यात लिकेज, पाणी आलं नाही, पार्किंगची भांडणं, मटेरियल भरपूर आहे. सिस्टिम डेफिनेशनमध्ये टेबल्स उघडून नवीन टेबल करा आणि एक्स्टेंड्समध्ये टास्क (कामं नोंदवायचं तयार मूळ टेबल) निवडा, हे महत्त्वाचं, कारण मग नंबर, स्टेट, प्रायॉरिटी, असाइन्ड टू हे सगळं आयतं मिळतं, आपण फक्त विंग, फ्लॅट नंबर आणि तक्रारीचा प्रकार टाकायचा.

मग बिझनेस रूल, म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताना आपोआप चालणारा नियम. प्रकार लिफ्ट असेल तर प्रायॉरिटी १ व्हायला पाहिजे, त्यासाठी बिफोर इन्सर्ट रूल (नवीन रेकॉर्ड सेव्ह व्हायच्या आधी चालणारा) लावा, यात तर स्क्रिप्टपण लागत नाही, अॅक्शन्स टॅबमध्येच व्हॅल्यू सेट होते. स्क्रिप्टने केलंत तर शेवटी करंट डॉट अपडेट (चालू रेकॉर्ड सेव्ह करायची कमांड) लिहू नका, बिफोर रूलमध्ये रेकॉर्ड तसंही सेव्ह होणारच असतं. इंटरव्ह्यूला विचारण्यासारखा प्रश्न आहे हा.

टेस्टिंग अॅडमिन म्हणून कधीच करू नका, अॅडमिनला बहुतेक सगळंच दिसतं. "पाटील काकू" नावाचा युजर बनवा, रोल काहीच देऊ नका, आणि इम्पर्सोनेट करून, म्हणजे त्या युजरच्या रूपात शिरून, काकूंच्या नजरेने बघा. दुसऱ्याच्या फ्लॅटची तक्रार दिसतेय का, स्टेट बदलता येतंय का. ते अडवायला एसीएल (कोणाला काय दिसावं, बदलता यावं याचे नियम) लागतात आणि अॅडमिन असूनसुद्धा नवीन एसीएल बनवता येत नाही, आधी एलिव्हेट रोलमधून सिक्युरिटी अॅडमिन चालू करावं लागतं, इथे नवीन लोक हमखास अडकतात.

आणि एक धोक्याची गोष्ट, बॅकग्राउंड स्क्रिप्ट, म्हणजे अॅडमिनने थेट सर्व्हरवर चालवायचा कोड. ग्लाईडरेकॉर्डच्या (स्क्रिप्टमधून टेबलातले रेकॉर्ड शोधायची पद्धत) क्वेरीत फिल्डचं नाव चुकीचं लिहिलं तर सिस्टिम बाय डिफॉल्ट ती अट सरळ सोडून देते आणि सगळीच रेकॉर्ड्स उचलते. खाली डिलीट मल्टिपल (सापडलेले सगळे रेकॉर्ड एकदम उडवणारी कमांड) असेल तर अख्खं टेबल रिकामं. आधी नुसता काउंट प्रिंट करून बघा, मगच डिलीट, ही सवय पीडीआयवरच लागली पाहिजे, क्लायंटच्या प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टिमवर नाही. आणि क्लायंटचा डेटा पीडीआयमध्ये कधीच टाकायचा नाही, टेस्टिंगसाठीसुद्धा नाही.

इन्स्टन्स गेलीच तर नवीन घ्या, शक्यतो त्याच व्हर्जनची. रिट्रीव्ह्ड अपडेट सेट्समध्ये जाऊन इम्पोर्ट फ्रॉम एक्सएमएल करा, मग प्रिव्ह्यू (आधी तपासणी), मग कमिट (बदल लागू), आणि जास्त सेट असतील तर ज्या क्रमाने बनवले त्याच क्रमाने. प्रिव्ह्यूत एरर आली तर डोळे मिटून अॅक्सेप्ट करू नका, बऱ्याचदा आधीचा सेट टाकायचा राहिलेला असतो. डेटाची फाईल सगळ्यात शेवटी, टेबल तयार झाल्यावरच.